पलीकडचा हिरवा

९ फेब्रुवारी

ती. ताई,
सा. न.

आज रंगाचं काम संपलं. रंगारी सकाळी आला, दाराच्या चौकटीवर शेवटचा हात मारला आणि दुपारी शिडी खांद्यावर टाकून गेला. नंतर मी फरशी दोनदा पुसली. कपाट होतं तिथे सरकवलं, पलंग पुन्हा खिडकीखाली लावला. खिडकी उघडी ठेवली आहे. वास अजून गेलेला नाही.

तुम्ही इथून गेल्यावर बरेच दिवस मी त्या खोलीचं दार लावूनच ठेवलं होतं. झोपायला बाहेरच्या खोलीतला कोच आहे. पण रंगारी रस्त्यात भेटला की विचारायचा, भिंती खरवडून ठेवल्या आहेत, तशाच ठेवणार का? त्याचंही खरं होतं. काम तुमच्या बहिणीनेच सुरू करून ठेवलं होतं.

तुम्हाला माहीतच आहे, तिच्या मनात ही खोली हिरवी करायची होती. डॉक्टरांकडे बसून बसून कंटाळा यायचा, तेव्हा तिथल्या एका मासिकात तिने चित्र पाहिलं होतं. भिंती हिरव्या, छत पांढरं, पलंगावर पांढरी चादर, कोपऱ्यात एक कुंडी. घरी आल्यावर म्हणाली, "आपल्या भिंती बघा. आपल्यापेक्षा त्याच जास्त आजारी दिसतात." मग रंगाऱ्याला बोलावून तिने दोन हिरवे भिंतीवर लावून घेतले. त्यातला एक तिने स्वतः निवडला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

तो निवडलेलाच रंग आता चारही भिंतींना दिला आहे. शेवाळी म्हणता येईल असा आहे, जरा राखाडीकडे झुकणारा. रंगाऱ्याने डबा उघडल्यावर विचारलं, "हाच ना? नक्की?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "रंग लग्नासारखा असतो साहेब, ओला असताना वेगळा, वाळल्यावर वेगळा." बोलून झाल्यावर त्याला माझी परिस्थिती आठवली असावी. नंतर दुपारपर्यंत त्याने भिंतीवरून मान वळवली नाही.

ताई, गेल्या वर्षात तिच्या मनासारखं काहीच झालं नाही. जेवण नाही, झोप नाही, तुमच्याकडे यायचं होतं तेही नाही. या खोलीचं तेवढं एक मात्र तिच्या मनासारखं झालं. म्हणून लगेच कळवतो आहे.

एक विचारायचं होतं. तिने तुम्हाला या खोलीचे पडदे शिवायला सांगितले होते असं ती म्हणाली होती. शिवणार असाल तर उपकार होतील. नसाल तर आग्रह नाही. तुमचे डोळेही आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.

आपला,
जावई

*

१८ फेब्रुवारी

जावईबापू,

तुमचं पत्र पोचलं. एवढं लांब पत्र तुम्ही लग्न ठरलं तेव्हाही लिहिलं नव्हतं. तेव्हा तुमचं पत्र म्हणजे चार ओळी आणि खाली सही, अगदी पाणी बंद राहील अशी नोटीस आल्यासारखं. धाकटी ते उशीखाली ठेवायची. मी म्हणायचे, यात उशीखाली ठेवण्यासारखं काय आहे गं?

माझे डोळे ठीक आहेत. कान गेले, त्याची बोंब सगळीकडे झाली, म्हणून लोकांनी डोळेही गेले असं धरलं. फोनवर तुम्ही बोलता आणि मला नुसतं भांडी घासल्यासारखं ऐकू येतं, म्हणून पत्रच बरं. दुकानात मशिनी दोन होत्या, त्यातली एक विकली. दुसरी आहे. पडदे शिवीन. कापड अजून घेतलेलं नाही.

फक्त एक करा. तो रंग थोडा उरला असेल तर जाड कागदावर फासून, वाळवून पाठवा. शेवाळी म्हटलं की तुमचं शेवाळ वेगळं आणि माझं वेगळं. इथून बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे निदान शेळीचा रंग तरी कळू दे.

आणि सहज विचारते, तिने रंग निवडला तेव्हा काय म्हणाली? तुम्ही तिथेच होतात ना? मला ते शब्द हवे आहेत. मला तिचं शेवटचं काहीच नीट ऐकू आलं नाही.

जेवत जा. शेजारच्या बाई डबा देतात असं तुम्ही गेल्या वेळी म्हणाला होतात. तो खाता की मांजराला घालता?

ताई

*

१ मार्च

ती. ताई,
सा. न.

सोबत कागद पाठवतो आहे. दोन हात दिले आहेत, भिंतीला दिले तसेच.

डबा खातो. मांजर आमच्याकडे येत नाही.

आज बँकेत गेलो होतो. दोघांच्या नावाचं खातं एकाच्या नावावर करून घ्यायचं होतं. समोरच्या मुलीने विचारलं, "दुसरे खातेदार येऊ शकतील का?" मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, "आजारी आहेत का?" मी म्हटलं, आता नाही. ती गोंधळली. मी दाखला पुढे सरकवला.

तुम्ही विचारलंत म्हणून तो प्रसंग लिहितो. फार काही नाही. मी औषधं घेऊन नुकताच आलो होतो, पिशवी हातात, खोलीच्या दारात उभा. आत पाय ठेवायला जागा नव्हती, कारण रंगाऱ्याने कपाट मध्येच ओढून ठेवलं होतं. ती खिडकीखाली, पलंगावर. शेजारच्या लांब भिंतीवर ते दोन पट्टे, एकापुढे एक. मी विचारलं, "ठरला का? कोणता?" ती म्हणाली, "पलीकडचा. अलीकडचा नको." आणि कुशीवर वळली. दोन दिवसांनी तिला हलवावं लागलं. घरातलं तिचं शेवटचं धड वाक्य हेच म्हणायचं.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की ती दुसरा घेईल. तो जास्त उजळ होता. पण मी विचारलं नाही. आजारी माणसाला एकच गोष्ट पुन्हा विचारली की ते चिडतं. आणि तिचं एकदा ठरलं की ठरलं.

शेजारच्या बाई खोली बघून गेल्या. म्हणाल्या, शांत आहे. आजारी माणसाला बघून आल्यावर लोक "बरे आहेत" म्हणतात, तसं म्हणाल्या. चादर पांढरी घातली आहे. कुंडी आणलेली नाही. मी दिवसातून एकदा आत जाऊन उभा राहतो. कोवळं काही दिसावं असं ती म्हणायची. मला तो रंग जरा दमल्यासारखा दिसतो. माझ्या बघण्यातच काही कमी असेल. तिने निवडला आहे, तेव्हा सवय मला करून घ्यायला हवी.

पडद्यांची घाई नाही.

आपला,
जावई

*

१६ मार्च

जावईबापू,

पार्सल वेगळं पाठवलं आहे. सही करून घ्यावं लागेल, घरी राहा.

तुमचा कागद घेऊन तीन दुकानं फिरले आणि जुळणारं कापड मिळालं. भिंतीला लागून टांगलंत तर कुठे भिंत संपते नि कुठे पडदा सुरू होतो ते कळायचं नाही. तुमच्याकडे ऊन फार येतं असं धाकटी म्हणायची, म्हणून आतून अस्तर लावलं आहे. अस्तराची बाजू खिडकीकडे ठेवा. रिंगा लावल्या आहेत, दांडीत ओवायचं की झालं. टांगण्याआधी इस्त्री करा. करता येत नसेल तर शेजारच्या बाईंना सांगा, पण मग त्या पुन्हा "शांत आहे" म्हणतील.

बँकेतल्या मुलीचं वाचलं. मी इथे तिचं नाव चुकून हाक मारल्यासारखं घेते आणि मग स्वतःच ओ देते. दुकानातली गिऱ्हाइकं समजून घेतात. म्हातारीचं चालायचंच.

तुम्ही लिहिलेले तिचे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. बाकी काय लिहू. तुम्ही नीट केलंत सगळं.

रंग चांगला आहे. दमलेला वगैरे काही नाही.

ताई

*

२९ मार्च

ती. ताई,
सा. न.

पडदे मिळून आठवडा झाला. त्याच रात्री दिव्याच्या उजेडात इस्त्री करून टांगले, अस्तराकडे नीट बघितलंही नाही. तुम्ही म्हणालात तसंच, भिंत आणि पडदा एक झाले. तेव्हाच लिहायला हवं होतं. आभाराचं पत्र अर्धं लिहून ठेवलं होतं.

आज सकाळी दूध आणायला खाली गेलो. रात्री कोचावर झोप लागली नव्हती, म्हणून पहाटेच त्या खोलीत जाऊन बसलो होतो आणि पडदे ओढून घेतले होते. खालून परत येताना समोरच्या फुटपाथवरून वर बघितलं. घराकडे सहसा बघत नाही. आज बघितलं आणि आमची खिडकी मला ओळखू येईना. मजले पुन्हा मोजले. आमचीच होती. तिच्यात हिरवा रंग भरला होता, फिका, ताजा, नुकतं पान उलगडावं तसा. सकाळचा उजेड त्याच्यावर पडला होता. मी तसाच उभा राहिलो. मागून हातगाडीवाला ओरडला तेव्हा बाजूला झालो.

ताई, तो रंग मी आधी पाहिला आहे. आमच्या भिंतीवर, दुसऱ्या पट्ट्याचा.

वर आलो. दूध ओट्यावर ठेवलं. खोलीत गेलो आणि पलंगावर बसलो. मग तिच्या बाजूला, तिच्या उशीवर डोकं ठेवून आडवा झालो. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. पट्टे आता रंगाखाली गेले आहेत, पण ते कुठे होते ते मला आठवतं. शेवाळी पट्टा पलंगाजवळ होता. दुसरा दाराजवळ. मी दारात उभा होतो, म्हणून मला पलंगाजवळचा पलीकडचा. ती पलंगावर होती.

नोकरी आयुष्यभर पाण्याच्या नळांचे नकाशे काढायची केली. कागदावर पहिली रेघ मारायच्या आधी दिशेचा बाण काढायचा, म्हणजे बघणारा कुठून बघतो आहे ते कळतं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच शिकवलं.

बाल्कनीत रंगाऱ्याचे नमुन्याचे दोन लहान डबे पडून होते. ते मी बाहेर काढले. त्यातल्या एकाच्या झाकणावर सुकलेले ओघळ आहेत. तुमच्या अस्तराचा कोपरा त्यावर धरला. फरक दिसत नाही.

तुम्हाला ठाऊक होतं का? एवढंच कळवा. रागावून विचारत नाही.

आपला,
जावई

*

६ एप्रिल

जावईबापू,

होतं.

आता सगळं लिहिते. तुम्ही नकाशेवाले आहात, अर्धवट सांगितलेलं तुम्हाला चालणार नाही.

धाकटीने फोन केला तेव्हा तुम्ही औषधाच्या दुकानात गेला होतात. तिच्यात बोलायचं त्राण नव्हतं आणि मला कान नाहीत. ती म्हणाली, "मटार." मी म्हटलं, किती किलो? ती पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, अगं, तुला ते सोसायचे नाहीत. शेवटी ती हसायला लागली, मग खोकायला लागली आणि मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मटाराची शेंग. सोललेली. आतली बाजू. तसा रंग. तसे पडदे." तेवढं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी पर्समध्ये शेंग घालून कापडाच्या दुकानात गेले. दुकानदाराला उघडून दाखवली. तो म्हणाला, "मावशी, भाजी बाजार पलीकडच्या गल्लीत आहे." त्या दिवशी मिळालं नाही. शेंग सुकली, दुसरी घेतली. असं करत करत एकदाचं जुळलं. पडदे शिवले, इस्त्री केली, घडी घातली. तेवढ्यात तुमचा निरोप आला आणि मी तुमच्याकडे निघाले. पडदे इथेच राहिले.

मग तुमचं पत्र आलं की खोली शेवाळी झाली. मी ते मशिनीपाशी बसून वाचलं. आधी तुमचा राग आला. फार आला, खोटं कशाला बोलू. एवढं साधं सांगितलेलं या माणसाला कळू नये? मग खाली तुमचं ते वाक्य वाचलं, तेवढं एक तिच्या मनासारखं झालं. मला ते खोडवेना. तुमच्याजवळ तेवढंच उरलंय आणि तेही मी काढून घ्यायचं? म्हणून कापड घेतलेलं नाही असं लिहिलं. तुमच्या भिंतीला जुळणारं नवीन कापड घेतलं आणि तिचे पडदे मागे अस्तर म्हणून लावले. म्हटलं, घरात तर असतील. ऊन तर त्यांच्यावर पडेल. तुम्ही खाली उतरून वर बघाल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही कधी वर बघता?

आणखी एक. तुम्ही स्वतःला बोल लावून घ्याल, म्हणून सांगते. लहानपणी आम्ही दोघी एका पलंगावर झोपायचो. रोज भांडण, पलीकडची जागा कोणाची. मी कुठेही असले तरी ती म्हणायची, "मला पलीकडची." मी पलीकडे जाऊन झोपले की तिचं पलीकडे अलीकडे यायचं. आई म्हणायची, हिचं पलीकडे हिच्या नाकाच्या शेंड्यापासून मोजायचं असतं. म्हणजे ही खोड जुनी आहे. इतकी वर्षं संसार करून तुम्हाला ती कळली नाही, कारण तुम्ही विचारत नाही आणि ती सांगत नाही. जोडी बरोबर जमली होती.

रंगाऱ्याला बोलवायचं तर बोलवा. नाही बोलावलंत तरी चालेल. भिंत आहे, ती थांबते. मी आता येऊ शकत नाही, गुडघ्याने असहकार पुकारला आहे. नाही तर आले असते आणि तुम्हाला चार शब्द सुनावून, चहा पिऊन परत गेले असते.

ताई

*

१४ एप्रिल

ती. ताई,
सा. न.

तुमचं पत्र बुधवारी आलं. त्यानंतर रंगारी एकदा भेटला. मी त्याला झालेलं सांगितलं. तो म्हणाला, मला वाटलंच होतं. मग म्हणाला, परत मारून देतो साहेब, मजुरी नको. मी सध्या नको म्हटलं. पुन्हा कपाट ओढायचं, पुन्हा भिंती खरवडायच्या, पुन्हा तो वास. माझ्यात तेवढी शक्ती नाही. पावसाळा झाला की बघू.

रागावलात ते बरोबर होतं. सुनावायला आला नाहीत, त्यामुळे चहा वाचला.

मटाराचं वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसलो. ती हसली होती, हे मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात ती हसली असेल असं मी धरलंच नव्हतं. औषधाच्या दुकानात त्या दिवशी रांग होती. मी नंबर सोडून आलो असतो तर मला ते ऐकू आलं असतं.

आज रविवार. कपडे धुतले, वाळत घातले. दुपारी खोलीत जाऊन दांडी उतरवली. पडद्यांची बाजू उलटी करायची असं कालच ठरवलं होतं. अस्तर आत, शेवाळी बाहेर. म्हटलं, उलट्या बाजूची शिवण दिसेल, दिसू दे. आमच्याकडे येतं कोण. पण रिंगा काढल्यावर पडदा पलंगावर पसरून बघितला, तर शिवण कुठेच दिसेना. काठ आतल्या आत दुमडलेले आहेत. खालची पट्टीसुद्धा दोन्हीकडून साफ आहे. दोन्ही बाजू सुलट. ताई, अस्तराला असं कोणी शिवत नाही, एवढं मलाही कळतं. त्याबद्दल काही विचारत नाही.

रिंगा ओवायला वेळ लागला. खुर्चीवर चढून दांडी लावली, पडदे ओढून घेतले आणि पलंगावर जाऊन पडलो. संध्याकाळचं ऊन त्यातून भिंतीवर येतं. शेवाळी रंग निदान त्या वेळापुरता तसा दमलेला दिसला नाही. तिच्या जागेवरून हात लांब केला तर पडद्याचा काठ हाताला लागतो. म्हणजे तिचा हिरवा आता अलीकडे आला. तिने पलीकडचा मागितला होता. हिशेब काही जुळत नाही, पण तुमच्या आईंनी सांगितलेलं मोजमाप तिच्या नाकापासूनचं आहे, माझ्या नाही.

कोचावरची उशी आत आणून ठेवली आहे.

मग लक्षात आलं की दूध संपलं आहे. पिशवी घेतली, दार ओढलं आणि खाली गेलो. समोरच्या फुटपाथवरूनच परत आलो. वर बघितलं नाही. घरी येऊन दूध तापत ठेवलं आणि उतू जाऊ नये म्हणून तिथेच उभा राहिलो.

आपला,
जावई